एका पिलरमध्ये एकच हात: जर्मनीतल्या व्हेक्टरिंगचं प्रकरण

डिसेंबर 2012 मध्ये डॉइचे टेलिकॉमने जर्मनीच्या दूरसंचार नियामकाकडे अर्ज केला. रस्त्याकडेच्या आमच्या पिलरमधून, म्हणजे तारा जोडण्याच्या पेटीतून, स्पर्धकांना तांब्याच्या तारा भाड्याने देण्याचं बंधन सैल करा, असं त्यात म्हटलं होतं. त्यांच्या तारेतला गोंगाट आमच्या तारेत झिरपतो, आणि तो काढून टाकायचा तर पिलरमधल्या सगळ्या तारा एकाच यंत्रावर हव्यात, हे त्याचं कारण. एकेकाळच्या सरकारी मक्तेदार कंपनीला स्पर्धक नकोसे वाटावेत, यात नवल नाही. या वेळी मात्र तिने पुढे केलेलं कारण भौतिकशास्त्राचं होतं, आणि ते खरंही होतं.

म्हणूनच हे प्रकरण मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. कंपनीचं कारण खोटं असतं तर निकाल सोपा होता.

तार कुणाची, सेवा कुणाची

जर्मनीची टेलिफोन बाजारपेठ 1 जानेवारी 1998 पासून पूर्ण खुली झाली. घराघरांत गेलेली तांब्याची तार एकाच कंपनीच्या मालकीची होती आणि दुसऱ्या कुणी ती पुन्हा टाकणं परवडणारं नव्हतं. म्हणून नियम असा झाला की स्पर्धकाने मागितल्यास टेलिकॉमने ग्राहकाची जोडी, म्हणजे त्याच्या घरी जाणाऱ्या दोन तारा, त्याला ठरलेल्या भाड्याने द्यायची. तार टेलिकॉमची, पण तिच्या टोकाला लावलेलं यंत्र, ग्राहक आणि बिल स्पर्धकाचं. या सगळ्या व्यवस्थेमागे एक गृहीतक होतं, जे तेव्हा कुणी मोठ्याने बोलून दाखवण्याची गरज नव्हती: एक जोडी म्हणजे एक स्वतंत्र वस्तू. चाळीतल्या खोल्या जशा वेगवेगळ्या भाडेकरूंना देता येतात, तशा केबलमधल्या जोड्या देता येतात.

1999 मध्ये टेलिकॉमने टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणारं 768 किलोबिटचं एडीएसएल आणलं, तेव्हा हे गृहीतक टिकलं. एडीएसएल एक्स्चेंजमधून निघतं, आणि त्याची सुधारित आवृत्तीही 2.2 मेगाहर्ट्झच्या वर जात नाही. जोड्यांमध्ये थोडीफार कुरबुर असायची, ती सोसता यायची.

2006 मध्ये त्याहून वेगवान व्हीडीएसएल आलं. फायबर एक्स्चेंजमधून निघून रस्त्यावरच्या करड्या पेटीपर्यंत येतं आणि तिथून घरापर्यंतचे शेवटचे काही शे मीटर तेवढं तांबं उरतं. आपल्याकडचे लाइनमन ज्याला पिलर म्हणतात तीच ही पेटी: एक्स्चेंजच्या एमडीएफपासून, म्हणजे मुख्य जोडणी चौकटीपासून, पिलर, पिलरपासून डीपी, म्हणजे घरांजवळची छोटी वाटप पेटी, डीपीपासून घर. जर्मनीत असे पिलर तीन लाखांहून जास्त आहेत. तार आखूड झाली की वरच्या फ्रिक्वेन्सी वापरता येतात, म्हणून व्हीडीएसएल 17.664 मेगाहर्ट्झपर्यंत जातं आणि ग्राहकाला 50 मेगाबिट देऊ शकतं. याच फ्रिक्वेन्सींवर ते जुनं गृहीतक मोडलं.

गळती

जुन्या लँडलाइनवर मधेच परक्यांचं बोलणं ऐकू आलं की आपण 'क्रॉस कनेक्शन लागलं' म्हणायचो. त्यातलं बरंचसं ओल्या जॉइंटमुळे किंवा चुकीच्या जोडणीमुळे व्हायचं. क्रॉसटॉक त्याहून वेगळा. इथे दोन तारा कुठेच एकमेकींना टेकलेल्या नसतात, वेष्टण शाबूत असतं, जॉइंट कोरडा असतो, आणि तरीही एकीतला सिग्नल दुसरीत उतरतो. एका जोडीतल्या बदलत्या प्रवाहाभोवती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं, शेजारची जोडी त्याच क्षेत्रात असते, एवढंच. त्यावरचा जुना उपाय म्हणजे पीळ. जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरून येणारा परिणाम दोन्हींवर सारखा होतो आणि वजाबाकीत निघून जातो. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने 1881 मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. शेजारच्या जोड्यांचा पीळ वेगवेगळ्या अंतराने ठेवला की काम आणखी चांगलं होतं. आवाजाच्या साडेतीन किलोहर्ट्झला हे भरपूर झालं. मेगाहर्ट्झमध्ये पिळातली बारीकशी असमानताही बोलू लागते. जर्मन केबलमध्ये चार तारा एकत्र पिळून त्यात दोन जोड्या बसवायची पद्धत आहे, त्यामुळे त्या दोन जोड्या तर एकाच अंथरुणात झोपल्यासारख्या.

गळती दोन प्रकारची. शेजाऱ्याचं सिग्नल पाठवणारं यंत्र माझ्या सिग्नल घेणाऱ्या यंत्राच्या जवळच असेल तर त्याचा दणदणीत सिग्नल माझ्या क्षीण सिग्नलवर पडतो. याला नेक्स्ट, म्हणजे जवळच्या टोकाचा क्रॉसटॉक, म्हणतात. घराकडे जाणारा आणि घराकडून येणारा सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यांत ठेवून तो प्रश्न मिटवता येतो, आणि व्हीडीएसएलमध्ये तसा तो मिटवलेलाच आहे. उरतो फेक्स्ट, म्हणजे दूरच्या टोकाचा क्रॉसटॉक. पिलरमधून सगळ्यांचे सिग्नल एकाच वेळी, एकाच पट्ट्यात निघतात, वाटेत एकमेकांत उतरतात आणि माझ्या मोडेमपर्यंत माझ्याच सिग्नलबरोबर चालत येतात. पट्टे बदलून याला अडवता येत नाही.

फेक्स्ट फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 2.208 मेगाहर्ट्झवरून 17.664 वर जाणं म्हणजे आठपट. बाकी सगळं सारखं धरलं तर गळतीची शक्ती चौसष्टपट, म्हणजे 18 डेसिबल जास्त. एडीएसएलच्या काळात जी कुरबुर होती, तिचा इथे कलकलाट झाला.

ग्राहकाला हे कसं दिसतं? पिलरवरचा पहिला व्हीडीएसएल ग्राहक खूश असतो. त्याची केबल शांत असते. मग शेजारी जोडणी घेतो, समोरचा घेतो, वरच्या मजल्यावरचा घेतो, आणि पहिल्याची गती त्याच्या घरात काहीही न बदलता उतरत जाते. तक्रार आली तर तंत्रज्ञ येऊन तार तपासेल, त्याला दोष सापडणार नाही. कंपनीला जाहिरातीत जे वचन द्यायचं ते भरलेल्या केबलच्या हिशेबाने द्यावं लागतं, रिकाम्या केबलच्या नाही.

किती नुकसान होतं, हे हातानेही काढता येतं. व्हीडीएसएलचा पट्टा 4.3125 किलोहर्ट्झच्या छोट्या कप्प्यांत वाटलेला असतो आणि प्रत्येक कप्प्यात सेकंदाला 4,000 चिन्हं, म्हणजे काही बिट वाहून नेणारे सिग्नलचे तुकडे, जातात. घराकडे येणाऱ्या दिशेला साधारण 2,900 कप्पे मिळतात. गोंगाट 3 डेसिबलने कमी झाला की प्रत्येक कप्प्यातल्या प्रत्येक चिन्हावर सुमारे एक बिट जास्त लादता येतो. सगळ्या कप्प्यांत तेवढाच फायदा झाला असं धरा: 2,900 गुणिले 4,000, म्हणजे दर 3 डेसिबलमागे 11.6 मेगाबिट. 12 डेसिबल वाचले तर 46. प्रत्यक्षात कप्प्याकप्प्यात फरक पडतो, पण पुढे 50 मेगाबिटचे 100 कुठून येणार होते ते या गुणाकारात दिसतं.

गोंगाट की ओळखीचा आवाज?

2000 च्या सुमारापर्यंतचे उपाय सभ्यपणाचे होते. जवळच्या घराने वर पाठवताना आवाज खाली ठेवायचा, म्हणजे लांबच्या घराचा दबणार नाही. किंवा प्रत्येक तारेने आपली शक्ती कप्प्यांत अशी वाटायची की शेजाऱ्याला कमीत कमी त्रास होईल. यात सुधारणा होते, पण गळती गळतीच राहते.

2002 मध्ये स्टॅनफर्डच्या जॉर्ज गिनिस आणि जॉन सिऑफी यांच्या शोधनिबंधाने प्रश्नच उलटा केला. फेक्स्टला गोंगाट का म्हणायचं? गोंगाट म्हणजे जे आधी माहीत नसतं ते. पिलरमधलं यंत्र, म्हणजे डीएसलॅम, सगळ्या घरांना काय पाठवणार आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. कुठल्या जोडीतून कुठल्या जोडीत किती उतरतं हेही मोजता येतं. मग माझ्या तारेवर सिग्नल सोडतानाच त्यात शेजाऱ्याच्या गळतीचा उलटा हिस्सा मिसळून ठेवला, तर वाटेत खरी गळती आणि तिचा उलटा हिस्सा एकमेकांना खाऊन टाकतील आणि माझ्या मोडेमला स्वच्छ सिग्नल मिळेल. उलट दिशेने हे करता येत नाही, कारण माझ्या मोडेमला शेजारचा मोडेम काय पाठवतोय ते कळत नाही. पण तिकडचे सगळे सिग्नल शेवटी पिलरमध्येच एकत्र येतात, तेव्हा ते आल्यावर एकत्र सोडवता येतात. घरातल्या मोडेमला फार हुशारी लागत नाही, सगळी डोकेफोड पिलरमध्ये. यालाच व्हेक्टरिंग म्हणतात.

गणपतीत दोन मंडळांचे स्पीकर एकाच चौकात तोंडाला तोंड लावून असतात, तो प्रसंग आठवा. दोघांचे ऑपरेटर वेगळे असतील तर मिटवण्याचा मार्ग एकच, दोघांनीही आवाज कमी करणं. दोन्ही मंडळांचा आवाज एकाच मिक्सरमधून जात असेल तर त्या मिक्सरवाल्याला पुष्कळ काही करता येईल. पण त्यासाठी मिक्सर एकच हवा.

जी.993.5 हे व्हेक्टरिंगचं मानक आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने एप्रिल 2010 मध्ये मंजूर केलं. गळती मोजायची पद्धत त्यात सुबक आहे. दर 256 माहितीचिन्हांनंतर एक समक्रमण चिन्ह जातं, म्हणजे सुमारे 64 मिलिसेकंदांनी एकदा. त्या चिन्हांवर प्रत्येक तारेला स्वतःची वेगळी खूण दिलेली असते, आणि या खुणा गणिताच्या दृष्टीने एकमेकींत मिसळत नाहीत. मोडेम आपल्याला किती चूक दिसली ते परत कळवतो, डीएसलॅम त्यातून कोणाची किती गळती ते वेगळं काढतो. नवी तार जोडली जाते तेव्हा ती माहिती पाठवायला लागण्याआधीच तिची गळती मोजून बाकीच्यांना सावध केलं जातं. कुणी मोडेमची पिन तशीच उपटली तर मात्र गडबड होते. तारेच्या टोकाची अवस्था बदलते, गळतीचे आकडे बदलतात, आणि शेजाऱ्याच्या तारेलाही हिसका बसू शकतो.

खर्च कुठे होतो? आकडेमोडीत. 100 तारा असतील तर प्रत्येक कप्प्यासाठी 100 गुणिले 100 चा तक्ता, 10,000 गुणाकार. ते 2,900 कप्प्यांत, सेकंदाला 4,000 वेळा. सुमारे 11,600 कोटी गुणाकार दर सेकंदाला, आणि हे फक्त एका दिशेचं. तारा दुप्पट झाल्या की काम चौपट. आता यात दुसऱ्या कंपनीचा डीएसलॅम आणा. दोन्ही यंत्रांनी आपापल्या ग्राहकांचे सिग्नल एकमेकांना सेकंदाला 4,000 वेळा, ताल न चुकवता सांगायला हवेत. मानकात अशा देवाणघेवाणीची जोडणी ठरवलेली नव्हती, आणि यंत्रांचे उत्पादकही वेगळे असायचे. म्हणजे त्याच केबलमध्ये परक्या डीएसलॅमवरच्या थोड्या जरी तारा असल्या तरी त्यांची गळती रद्द होत नाही, आणि व्हेक्टरिंगचा मोठा फायदा तिथेच वाया जातो.

कुणाचा हात?

इथे टेलिकॉमचा अर्ज येतो. नियामक संस्था बुंडेसनेत्सआगेंटूर बॉनमध्ये, टेलिकॉमचं मुख्यालयही बॉनमध्ये, आणि टेलिकॉमचे जवळपास एक तृतीयांश शेअर तेव्हा सरकार आणि सरकारी विकास बँक यांच्या हातात होते. स्पर्धकांनी याची आठवण करून द्यायची संधी सोडली नाही. त्यांची एक जुनी जखमही होती. व्हीडीएसएलच्या सुरुवातीलाच टेलिकॉमने नव्या जाळ्यासाठी नियमनातून सूट मागितली होती, सरकारने त्यासाठी कायदा बदलला होता, आणि 3 डिसेंबर 2009 रोजी युरोपीय न्यायालयाने तो बदल युरोपीय नियमांविरुद्ध ठरवला होता. जे तेव्हा कायद्याने मिळालं नाही ते आता भौतिकशास्त्राच्या नावाने मागताय, हा त्यांचा आरोप.

माझ्या मते दोन्ही बाजू दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या. एका केबलला एकच डीएसलॅम हवा, हे भौतिकशास्त्र सांगतं. तो डीएसलॅम टेलिकॉमचाच हवा, हे ते सांगत नाही. एखाद्या गावात स्थानिक कंपनीने आधी फायबर आणून पिलर जोडले असतील तर तो एक हात तिचाही असू शकतो. टेलिकॉमच्या अर्जात ही दोन विधानं चिकटलेली होती, आणि नियामकाचं खरं काम ती सोडवण्याचं होतं.

29 ऑगस्ट 2013 च्या निर्णयात ते बऱ्याच अंशी झालं. टेलिकॉमला स्पर्धकाला पिलरवरची जोडी नाकारता येईल, पण काही अटींवर. पिलरांची एक यादी ठेवायची. जो आधी नोंदवेल आणि ठरलेल्या मुदतीत काम करेल त्याचा तो पिलर, मग तो टेलिकॉम असो की दुसरा कुणी. एखाद्या भागात स्पर्धकाने टेलिकॉमपेक्षा जास्त पिलर आधीच जोडले असतील तर त्याला तिथून हुसकावता येणार नाही. आणि ज्याच्या हातात पिलर जाईल त्याने इतरांना तार नाही तरी तारेवरून वाहणारा डेटा घाऊक दराने द्यायचा.

या शेवटच्या अटीत तडजोडीची किंमत दडलेली आहे. जोडी भाड्याने घेणारा स्पर्धक स्वतःचं यंत्र लावत होता, गती आणि गुणवत्ता स्वतः ठरवत होता, नवं तंत्र टेलिकॉमच्या आधी आणू शकत होता. घाऊक डेटा घेणाऱ्याला दुसऱ्याच्या यंत्रातून जे येईल ते आपल्या नावाने विकावं लागतं. चाळीतली खोली जाऊन वसतिगृहातली खाट मिळाली. ग्राहकाला मात्र घराकडे 100 मेगाबिट आणि घराकडून 40 असा पर्याय मिळाला, रस्ता न खणता, आणि तोही भरलेल्या केबलवर. तेव्हाच्या जर्मन सरकारला 2018 पर्यंत सगळ्या घरांत 50 मेगाबिट पोचवायचं होतं. रस्ते खणून घराघरांत फायबर नेऊन ते त्या मुदतीत झालं नसतं, हे मान्यच करायला हवं.

प्रत्यक्ष कामात घरातले जुने मोडेम आडवे आले. व्हेक्टरिंग न समजणारा मोडेम खुणा वाचत नाही, चूक कळवत नाही, म्हणून पिलरच्या दृष्टीने तो परकाच. अशांना खालच्या फ्रिक्वेन्सींत मागे ढकलावं लागलं आणि ग्राहकाला कळेना की शेजाऱ्याच्या सुधारणेमुळे आपली गती कशी घटली.

एक्स्चेंजच्या सावलीतली घरं

2013 चा निर्णय एक्स्चेंजच्या अगदी जवळच्या भागाला लागू नव्हता. एक्स्चेंजपासून साधारण 550 मीटर केबलच्या आतली घरं पिलरमधून नाही, थेट एक्स्चेंजमधूनच व्हीडीएसएल घेत होती, आणि एक्स्चेंजमध्ये स्पर्धकांची यंत्रं वर्षानुवर्षं बसलेली होती. त्यांची सगळ्यात मोठी गुंतवणूकही तिथेच होती. फेब्रुवारी 2015 मध्ये टेलिकॉमने जवळपास 8,000 एक्स्चेंजांच्या या परिसरातही व्हेक्टरिंगचा हक्क मागितला, आणि त्या बदल्यात सगळे परिसर पूर्ण करण्याचं वचन दिलं.

हा दुसरा अर्ज मला पहिल्याइतका पटत नाही. पहिल्यात नवं जाळं उभं राहत होतं. इथे उभ्या असलेल्यांना बाहेर काढायचं होतं, आणि 'सगळं आम्ही करू' या वचनाच्या बदल्यात यादीतली शर्यतच जवळजवळ संपत होती. युरोपीय आयोगाने 2016 मध्ये गंभीर शंका उपस्थित केल्या, नियामकाचा मसुदा बदलला, स्पर्धकांना मिळणारं पर्यायी घाऊक उत्पादन सुधारलं, आणि 1 सप्टेंबर 2016 रोजी अंतिम निर्णय आला. टेलिकॉमला हवं ते बरंचसं मिळालं.

1 ऑगस्ट 2018 पासून टेलिकॉमने सुपर व्हेक्टरिंग विकायला सुरुवात केली: पट्टा 17.664 वरून 35.328 मेगाहर्ट्झपर्यंत, गती 250 मेगाबिटपर्यंत. यात तांत्रिक शहाणपणाची एक गोष्ट आहे. 30 मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रकार मानकात आधीपासून होता, पण त्याचे कप्पे 8.625 किलोहर्ट्झचे, दुप्पट रुंद. जुन्या 17 वाल्या तारांशी ते जुळत नव्हते, म्हणून एकाच केबलमध्ये दोघांचं व्हेक्टरिंग एकत्र होत नव्हतं. नव्या 35 च्या प्रकारात कप्पा जुन्याच 4.3125 चा ठेवला, फक्त संख्या दुप्पट केली. जुन्या नव्या तारा एकाच तक्त्यात बसल्या. स्पर्धकाला बाहेर काढल्यावरही शेजारी कोण आहे याचा विचार सुटत नाही, याचं हे उदाहरण. अर्थात एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सी तांब्यात फार लांब जात नाहीत. पिलरजवळ राहणाऱ्यांना 250, लांबच्यांना फरक थोडा.

टीकाकार एक आकडा नेहमी पुढे करतात. 2017 च्या अखेरीस जर्मनीतल्या स्थिर ब्रॉडबँड जोडण्यांत फायबरचा वाटा 3 टक्क्यांच्या आत होता, युरोपातल्या अनेक देशांपेक्षा खूपच कमी. तांब्याला एवढं चांगलं सलाइन लावलं की शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, असा त्यांचा सूर. यात तथ्य आहे, पण सगळा दोष व्हेक्टरिंगवर टाकणं मला सोयीचं वाटतं. खणकामाचा खर्च आणि परवानग्यांचा घोळ अर्जाच्या आधीही होताच.

भारतात हे भांडण उभंच राहिलं नाही. एप्रिल 2004 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या तारा इतरांना भाड्याने द्याव्यात अशी शिफारस केली होती, पण त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात ते बंधन आलं नाही. पिलरमध्ये हात एकच राहिला, त्यामुळे कुणाचा हात हा प्रश्न कुणी विचारला नाही. मग मोबाइल इंटरनेट आलं आणि शहरांत तांब्याला वळसा घालून फायबर घरात शिरलं.

जर्मनीतही टेलिकॉम आता घराघरांत फायबर नेत आहे. फायबरला फेक्स्टची कटकट नाही, म्हणजे प्रत्येक तंतू पुन्हा स्वतंत्र वस्तू झाला आणि 1998 चं ते गृहीतक परत खरं ठरायला हवं होतं. पण घरांना जोडण्याच्या जीपॉन पद्धतीत एकच तंतू पिलरपर्यंत येतो आणि तिथे काचेच्या फाट्यातून 32 घरांना वाटला जातो, आणि 32 जणांच्या त्या सामायिक तंतूच्या टोकाला पुन्हा एकाच कंपनीचं यंत्र लागतं.